कमलबेनचे शेरे

कमलबेन अहिरे यांच्याबरोबर मी सुरतेत साडेतीन वर्षं काम केलं. एवढ्या काळात त्यांनी माझं कौतुक एकदाच केलं, तेही मी एका कागदावर ‘माहीत नाही’ असं लिहिलं होतं म्हणून.

आमचं ऑफिस अठवा भागात एका व्यापारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. शहराच्या कडेला एखादी नवी वसाहत उभी राहायची असली, की ती तिथल्या पाण्याला, हवेला, झाडांना कितपत झेपेल हे आम्ही मोजायचो आणि तिला शंभरपैकी गुण द्यायचो. हिरवळ, पाणी, हवा, वीज आणि कचरा असे पाच विषय होते. बिल्डर तो आकडा आपल्या माहितीपत्रकावर छापायचे, आणि सरकारी समिती तोच आकडा बघून पुढच्या टप्प्याला मंजुरी द्यायची. मी पुण्याहून नगररचना शिकून आलेलो, त्यामुळे अहवाल लिहायचं काम माझ्याकडे. मोजायचं काम कमलबेनकडे.

पन्नाशीच्या, ठेंगण्या बाई. सलवार-कमीजवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, पायात रबरी सँडल, आणि गळ्यात सुतळीला बांधलेली पेन्सिल. पेन त्या वापरत नसत. घामाचा थेंब पडला की शाई पसरते आणि तिनाचा आठ होतो, असं त्यांचं म्हणणं. वडील रेल्वेत गँगमन होते, नंदुरबारकडून उधन्याला आलेले. घर लिंबायतला, खाडीच्या काठी. बारावी सायन्स झाल्यावर पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत त्या काचेची भांडी धुवायला लागल्या आणि धुता धुता पाणी तपासायला शिकल्या. संसाराबद्दल त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या मिलमधली एक सवय त्यांच्यात राहून गेली होती. खाडीवरचा पूल ओलांडताना त्या खाली बघायच्या आणि म्हणायच्या, “आज राणी कलर चाललाय. लग्नसराई आली.” मला खाली फक्त काळं पाणी दिसायचं.

आईशी फोनवर त्या अहिराणीत बोलत, साइटवरच्या मुकादमांशी गुजरातीत, ट्रकवाल्यांशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत. पण मोजताना त्यांचं एक वाक्य सगळ्या भाषांत ठरलेलं असायचं : “परत धरा.” टेपचं दुसरं टोक धरणारा माणूस वैतागेपर्यंत त्या त्याला परत धरायला लावायच्या. दोनदा मोजून आकडा अगदी तंतोतंत जुळला, तर तिसऱ्यांदा मोजायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, “दुसऱ्या वेळेला डोळा आधीचाच आकडा शोधतो.”

मोजणीच्या छापील तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा असायचा. आमच्याकडचे बाकीचे लोक तो कोरा सोडत, नाहीतर ‘काही नाही’ असं लिहीत. कमलबेनचा तो रकाना नेहमी ओसंडून वाहायचा, अक्षरं समासात चढायची, कधी कागदाच्या मागे जायची. हे शेरे वाचून अहवालात काय घ्यायचं ते मी ठरवायचो. बहुतेक वेळा काहीच घ्यायचो नाही.

मी नवा असताना पाल भागातल्या एका वसाहतीची हिरवळ मोजायची होती. मी ऑफिसात बसून वरून घेतलेलं चित्र पडद्यावर उघडलं, हिरवं दिसेल त्याच्याभोवती रेघ मारली आणि क्षेत्रफळ काढलं. दोन तासांत काम उरकलं. कमलबेननी कागद पाहिला आणि विचारलं, “सर, हे मधलं मोठं मैदान कसलं?”

“बाग असेल.”

“असेल?”

दुसऱ्या दिवशी त्या मला तिथे घेऊन गेल्या. भर दुपारचं ऊन होतं. मैदानाला चारी बाजूंनी जाळी होती आणि आत पोरं क्रिकेट खेळत होती. कमलबेननी सँडल काढले आणि मलाही बूट काढायला लावले. मी पाय ठेवला आणि चटका बसून मागे सरलो. ते प्लास्टिकचं गवत होतं.

“आता लिहा,” त्या म्हणाल्या, “हिरवळ.”

हसल्या नाहीत. थर्मामीटर काढून त्या गवतावर ठेवला, मग शेजारच्या कडुनिंबाखाली मातीवर ठेवला आणि दोन्ही आकडे मलाच लिहायला लावले. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ‘सर’ राहिलो नाही. त्या मला ‘पराग’ आणि ‘तू’ म्हणायला लागल्या.

कुठल्याही नव्या जागी गेल्यावर यंत्र लावायच्या आधी त्या वस्तीतल्या बायकांशी बोलायच्या. दारात बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या बायकांशेजारी पाच मिनिटं टेकायच्या आणि विचारायच्या, कपडे कुठे वाळत घालता? गच्चीवर की घरात? घरात म्हटलं, की धुळीचं यंत्र कुठे लावायचं ते त्यांना कळायचं. आमच्या नियमपुस्तकात यंत्राची जागा ठरवायला चार पानं होती. कमलबेनची जागा त्या चार पानांतही बसायची आणि त्या बायकांनाही पटायची.

अशाच एका बांधकामाच्या कडेला त्यांनी धुळीचं यंत्र लावलं होतं. ते आठ तास चालवायचं असतं. आतल्या कागदावर किती धूळ बसते, ते नंतर वजन करून बघतात. मी सोबत होतो. तासाभरात बांधकामावरचा टँकर आला आणि यंत्राच्या आजूबाजूला पाणी शिंपडून गेला. दुपारी परत आला. तिथला सुपरवायझर चहा घेऊन आला, आम्ही रोज पाणी मारतो असं सांगितलं आणि ऊन फार आहे, बसा, असं प्रेमानं म्हणाला, “बेन, बेसो ने. तडको बहु छे.”

कमलबेननी चहा घेतला. टँकरबद्दल त्याच्यापुढे अवाक्षर काढलं नाही, फक्त मधे शेजारच्या घरांकडे एक चक्कर मारून आल्या. मला वाटलं, त्यांच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी सही घ्यायला त्यांनी तक्ता सुपरवायझरपुढे धरला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘सकाळी १०.४० व दुपारी २.१५ वा. टँकरने पाणी मारले. पाणी रोज मारतात असे सुपरवायझरचे म्हणणे. शेजारच्या सहा घरी विचारले, महिन्यात पहिल्यांदा पाहिले असे उत्तर.’

“आ शूं लख्यूं, बेन?” सुपरवायझरचा चेहरा उतरला.

“तुम्ही म्हणाला होता ना, रोज मारता? तेही लिहिलंय. खोटं काही असेल तर दाखवा, खोडते.”

त्यानं दोनदा वाचलं. खोडण्यासारखं काही नव्हतं. सही केली. यंत्र गाडीत ठेवताना कमलबेन त्याला म्हणाल्या, “पाणी मारलंत ते चांगलंच केलंत. आज त्या बायकांनी कपडे बाहेर वाळत घातले.” हे टोमण्यानं म्हटलं की मनापासून, ते मला आजही कळलेलं नाही.

‘माहीत नाही’ची गोष्ट त्यानंतरची. एका जुन्या विहिरीच्या पाण्याची पातळी दहा वर्षांपूर्वी काय होती, हा आकडा मला अहवालात हवा होता. तो कुणाकडेच नव्हता. माझ्या आधीच्या माणसानं अशा ठिकाणी आजूबाजूच्या आकड्यांवरून एक आकडा बसवला असता, आणि मीही पूर्वी बसवला होता. त्या दिवशी कंटाळ्यानं म्हणा किंवा आणखी कशानं, मी लिहिलं, ‘माहीत नाही.’ कमलबेननी कागद वाचला आणि डबा उघडला. मिरचीचा ठेचा आणि कळण्याची भाकरी होती. अर्धी भाकरी मोडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “आज बरं काम केलंस.” कौतुक एवढंच.

यानंतरचं प्रकरण मला जरा नीट सांगायला हवं, कारण त्यात मीही आहे.

लिंबायतच्या पलीकडे एक मोठी नवी वसाहत होत होती. पहिला टप्पा बांधून झाला होता, दुसऱ्याला मंजुरी हवी होती. आमच्या मोजणीत तिला शंभरपैकी चौऱ्याऐंशी गुण मिळाले. ‘पाणी’ या विषयातल्या निचऱ्याला तर पूर्ण गुण होते, कारण कितीही पाऊस पडला तरी वसाहतीत पाणी साचत नव्हतं. जमीन भराव टाकून चांगली उंच केलेली होती.

मसुदा वाचून कमलबेननी विचारलं, “पाणी साचत नाही हे खरं. पण जातं कुठे?”

“हद्दीबाहेर.”

“हद्दीबाहेर कुठे?”

“कमलबेन, आपला तक्ता हद्दीपुरता आहे.”

हद्दीबाहेर काय होतं ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तिथे चाळीस घरांची जुनी गल्ली होती. खानदेशातून मागावर काम करायला आलेली माणसं तिथे राहत होती, आणि त्या गल्लीतलं एक घर कमलबेनचं होतं. त्या, त्यांची आई आणि धाकटा भाऊ अशोक, त्याचं कुटुंब. वसाहतीचा भराव झाल्यावरच्या पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी शिरलं होतं.

पुढचे चार रविवार कमलबेननी गल्ली मोजली. गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी पाण्यानं भरायची. तिच्या दोन टोकांतलं पाणी नेहमी एका पातळीत राहतं, त्यामुळे दोन जागांच्या उंचीतला फरक कळतो. एक टोक वसाहतीच्या रस्त्यावर, दुसरं गल्लीतल्या उंबऱ्यावर. एकेका घराचा उंबरा, आणि भिंतीवर उरलेली पाण्याची रेघ. एका रविवारी मी नळीचं टोक धरायला गेलो होतो. “परत धर,” “परत धर,” असं दुपारपर्यंत चाललं. गल्लीतल्या म्हाताऱ्या आम्हाला हसत होत्या.

चार पानं तयार झाली. कमलबेननी ती अहवालाला जोडायला माझ्याकडे दिली. आमचे साहेब मेहुलभाई वाईट माणूस नव्हते. त्यांनी पानं नीट वाचली, चष्मा काढला आणि मला म्हणाले, “काम सरस छे. पण हद्दीच्या बाहेरचं आपल्याला कोणी विचारलंय का?” मग ती पानं त्यांनी माझ्याकडे सरकवली. काढून टाका, असं ते बोलले नाहीत. पिन मी काढली.

मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायला समितीनं सुनावणी ठेवली. एका शाळेच्या पटांगणात मांडव होता. पुढे अधिकारी, एका बाजूला बिल्डरची माणसं आणि आम्ही, दुसऱ्या बाजूला गल्लीतले लोक. गल्लीच्या वतीनं अशोक बोलायला उठला. तयारी करून आला होता. चाळीसही घरांत गुडघ्याएवढं पाणी होतं, धान्य गेलं, गाद्या गेल्या, असं त्यानं सांगितलं. त्यानं दिलेल्या निवेदनाखाली चाळीस सह्या होत्या. बिल्डरच्या वकिलानं आमचा अहवाल वर केला आणि म्हणाला, शास्त्रीय मोजणी झालेली आहे, पूर्ण गुण आहेत, हे सगळं ऐकीव आहे. मांडवात आरडाओरडा सुरू झाला.

तेवढ्यात मागच्या बाजूनं कमलबेन उठल्या. सुनावणीला त्यांना ऑफिसनं बोलावलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी हिंदीत विचारलं, “आप कंपनी की तरफ से हैं या बस्ती की तरफ से?”

“नापा मैंने है, साहब. रहती भी यहीं हूँ. दोनों लिख लीजिए.”

त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेले कागद काढले आणि घराच्या नंबरानुसार वाचायला सुरुवात केली. वसाहतीचा रस्ता गल्लीच्या उंबऱ्यांपेक्षा किती उंच आहे, ते आधी सांगितलं. कोणत्या घरात पाणी उंबऱ्यावर किती चढलं, ते एकेक करून वाचलं. बहुतेक घरांत चार बोटं. गल्लीच्या टोकाच्या दोन घरांत गुडघ्याएवढं. मग त्या थांबल्या, कागद उलटला आणि म्हणाल्या, “पाच घरों में पानी नहीं आया. उनके नंबर ये हैं.” पाचवा नंबर वाचून झाल्यावर म्हणाल्या, “ये मेरा घर है.”

सह्यांच्या कागदावर त्यांच्या घराची सही होती. अशोकची.

अशोक तिथेच उभा राहून ओरडला, “तू कोणी शे वं, आमनी का त्यासनी?”

गल्लीतले लोक चिडून बोलायला लागले. बिल्डरचा वकील हसला. भावाकडे बघून कमलबेन अहिराणीत एवढंच बोलल्या, “मी मोजं ते सांगं.” मग अधिकाऱ्यांकडे वळल्या. “साहब, नली मेरे पास है. अभी चलिए. कोई भी घर आप चुन लीजिए.”

अधिकारी त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला इंजिनिअर पाठवला. त्यानं स्वतःच्या यंत्रानं तीन घरं तपासली, त्यातलं एक पाणी न आलेल्यांपैकी होतं. तिन्ही आकडे जुळले. तिथेच बिल्डरच्या वकिलाचं म्हणणं संपलं. ज्या बाईनं स्वतःच्या घरात पाणी आलं नाही असं भर मांडवात सांगितलं, तिनं दुसऱ्याच्या घरात ते वाढवून सांगितलंय असं म्हणायला जागा उरली नाही. समितीनं अट घातली : वसाहतीनं आधी आपल्या कडेनं खाडीपर्यंत मोठं गटार बांधायचं, मगच दुसरा टप्पा.

गटार बांधायला वेळ लागला. पुढच्या पावसाळ्यात गल्लीत पुन्हा पाणी आलं आणि लोकांनी पुन्हा कमलबेनना बोल लावले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते उंबऱ्याखालीच राहिलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. अशोक सात-आठ महिने बहिणीशी बोलत नव्हता, असं मला नंतर गल्लीतून कळलं. एकाच घरात, एकाच चुलीवर. आई दोघांना वेगवेगळं वाढायची.

आमच्या ऑफिसातलं कमलबेनचं काम सुनावणीच्या महिन्यातच थांबलं. मेहुलभाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी आपल्या टेबलाचा खण रिकामा केला. यंत्र पुसून, त्याच्या वायरी गुंडाळून ते कपाटात ठेवलं. मी उभा होतो. मी म्हणालो, “ती पानं मी काढली होती.”

“माहितीये. तुझ्या टेबलाखालीच पडली होती. मी उचलून नेली.”

त्यांनी कपाट लावलं. मग म्हणाल्या, “तू काढलीस म्हणून मला तिथे उठून वाचावी लागली. नाहीतर अहवालात कुणी वाचली असती?” माझी समजूत काढत होत्या की जे झालं ते फक्त सांगत होत्या, मला ठरवता आलं नाही. जिन्यानं खाली गेल्या. लिफ्टसाठी थांबल्या नाहीत.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी त्यांना एकदाच पाहिलं. मी तोवर दुसऱ्या नोकरीत होतो. दिल्लीहून आलेल्या दोन पाहुण्यांना हजीऱ्याच्या बाजूला खाडीतली तिवरं दाखवायला नेलं होतं. एका प्रकल्पानं तोडलेल्या झाडांच्या बदल्यात ती लावलेली होती, आणि ती जगली म्हणून अहवालात गुण मिळणार होते. ड्रायव्हरनं गाडी बांधावरून खाली उतरवून वाळलेल्या चिखलावर उभी केली. पाहुणे फोटो काढू लागले.

थोड्या अंतरावर मच्छीमार वस्तीतल्या पाच-सहा बायका गुडघाभर चिखलात रोपं मोजत होत्या. जगलेल्या रोपाला दोरा बांधत होत्या, मेलेल्याला नाही. त्यांतली एक आमच्याकडे बघून उभी राहिली, हातानं डोळ्यांवर सावली धरली आणि चिखल तुडवत बरीच जवळ आली. केस पुष्कळ पिकले होते.

“पराग, गाडी मागे घे. भरती येतेय.”

ड्रायव्हरनं फोन दाखवला. “अजून तास आहे, बेन.”

“फोनमध्ये असेल तास. हवा उलटली, इथं आत्ता येईल.”

मी ड्रायव्हरला गाडी वर घ्यायला सांगितलं. चाकं एकदा रुतली आणि सुटली. पाहुणे बूट सावरत बांधावर चढले. आम्ही वर येऊन मागे वळलो, तोवर पाणी आवाज न करता तिवरांच्या मुळांतून पसरत आलं होतं. गाडी उभी होती ती जागा आधी ओली झाली, मग दिसेनाशी झाली.

“कौन हैं ये? विभाग से?” एका पाहुण्यानं विचारलं.

“कमल अहिरे,” मी म्हणालो. पुढे काय सांगायचं ते ठरवेपर्यंत तो पुन्हा फोटो काढायला लागला होता.

मला खाली जाऊन त्यांच्याशी बोलायचं होतं. पण त्या बायका समोरच्या काठावर पोचल्या होत्या आणि मध्ये पाणी आलं होतं. सँडल हातात घेऊन, एका ओळीत, त्या वस्तीकडे चालल्या होत्या. कमलबेन सगळ्यांत मागे होत्या. मी हात वर केला. त्या पाठमोऱ्या होत्या.